लांघणजचें उत्खनन व त्यांतील स्त्री-संशोधक

उत्तर गुजराथेंत महेसाणा जिल्ह्यांत लांघणज हें गांव आहे. तेथील वाळूच्या टेकाडांत इ. स. १९४४ ते १९६३ या काळांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें वेळोवेळीं उत्खनन केलें. सूक्ष्म अश्मायुधें, प्राण्यांचीं हाडें व हातपाय दुमडून पुरलेले मानवी सांगाडे तेथें सांपडले. या स्थळाशीं डॉ. ह. धी. सांकळिया यांचें नांव जोडलें गेलें आहे, व तें योग्यच आहे. परंतु छापील अहवाल पाहतां आणखीही नांवें आढळतात. त्यांची नोंद करणें हा या टिपणाचा हेतु.

तिसऱ्या गुजराथ प्रागैतिहासिक मोहिमेचा प्राथमिक अहवाल १९४५ सालीं निघाला. त्यावर सांकळियांच्या जोडीस इरावतीबाई कर्वे यांचें नांव आहे. १९४९ सालीं अमेरिकेंतील मानवशास्त्रीय नियतकालिकांत आलेला लेखही उभयतांचाच. मनुष्याच्या कवटीची असमानता या विषयावर बाईंनीं १९३० सालीं बर्लिनची डॉक्टरेट मिळविली होती. अर्थात् सांगाडे हा त्यांच्या अधिकारांतील विषय होता. असें असतां ‘युगान्त’कर्त्या इरावतीबाई सर्वांस ठाऊक, लांघणजच्या इरावतीबाई मात्र थोड्यांसच.

अंतिम अहवाल १९६५ सालीं तीन भागांत प्रसिद्ध झाला. पहिला, पुरातत्त्वाचा, सांकळियांचा. दुसरा, प्राण्यांच्या अवशेषांचा, ज्युलिएट क्लटन-ब्रॉक या विदुषीचा. तिसरा, मानवी अवशेषांचा, सोफी एर्हार्ट व केनेडी या दोघांचा. म्हणजे दोन भागांवर स्त्रियांचीं नांवें आहेत.

येथें एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. एर्हार्टबाई नाझी राजवटींत रोमा लोकांचीं मापें घेणाऱ्या वंशशास्त्रीय कचेरींत काम करीत होत्या, आणि त्या लोकांची पुढें कत्तल झाली. उलट इरावतीबाईंनीं त्याच बर्लिनांत, कवटीच्या असमानतेचा वंशाशीं संबंध दिसत नाहीं, असा निष्कर्ष आपल्या गुरूच्या अपेक्षेविरुद्ध मांडला होता. विस्मृत नांव उजेडांत आणावयाचें तें गुणदोषांसह. एरव्हीं तो इतिहास न होतां स्तुतिपाठ होईल.

संग्राहकांस विनंति इतकीच कीं, यादी करतांना ‘सांकळिया व इतर’ असें लिहूं नये. मुखपृष्ठावरील प्रत्येक नांव व प्रत्येक भागाचा कर्ता पूर्ण नोंदवावा. स्त्रियांचें काम नाहींसें होतें तें बहुधा या ‘इतर’ शब्दांतच.