मैनेचा विरह आणि महाराष्ट्राचा नकाशा

सत्तेचे, पक्षाचे किंवा लढ्याचे नाव आले की गाणे राजकीय झाले, असे आपण सहज मानतो. अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, त्या समजुतीत मावत नाही. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे करणाऱ्या या शाहिराची ही रचना संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. पण तिचा बराचसा भाग पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाचा शोक आहे: गावी राहिलेली बायको, तिचे रूप, ताटातूट. महाराष्ट्राचा प्रश्न येतो तो शेवटी.

तरीही ती राजकीय ठरते, कारण या विरहाला कारण आहे. लावणीतला विरह बहुधा बाईच्या तोंडी असे, आणि धनी मोहिमेवर गेलेला असे. इथे गडी रडतो, आणि त्याची मोहीम म्हणजे मजुरी. कोकणातून, साताऱ्याकडून गिरणगावात आलेल्या कितीतरी कामगारांना तुटपुंज्या पगारात बिऱ्हाड थाटणे परवडत नव्हते. चाळीतल्या एका खोलीत अनेकांनी पथारी टाकायची, खानावळीत जेवायचे, आणि बायकोने गावी शेत नि सासू-सासरे सांभाळायचे. ही ताटातूट दैवाने घडवलेली नव्हती, ती पगाराने आणि नापिकीने घडवली होती. ज्या क्षणी दुःखाचे कारण दैवाकडून व्यवस्थेकडे सरकते, त्या क्षणी गाणे राजकीय होते.

यावर आक्षेप येईल की बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव ही नावे शेवटी आली नसती, तर ही निव्वळ विरहाची लावणी ठरली असती. नावांमुळे मागणी स्पष्ट झाली, हे खरे. पण हीच नावे तेव्हाच्या ठरावांत आणि भाषणांतही होती. सीमेपलीकडे राहिलेला मुलूख म्हणजे आपलीच गावी राहिलेली मैना, हे ऐकणाऱ्याला पटते ते आधीच्या शोकामुळे. पूर्वार्ध काढला तर उरते ती यादी. दुसरा आक्षेप असा की दुःख माणसाला हळवे करते, लढायला संताप लागतो, आणि तो पोवाडा देतो. वीराचा पोवाडा ऐकणारा मात्र पराक्रमाचा प्रेक्षक असतो. विरहाचे गाणे ऐकणारा गिरणी कामगार स्वतःच त्या कथेचा नायक असतो, त्याला बाजूला उभे राहता येत नाही. लढा एका गाण्याने जिंकला जात नाही, शंभराहून अधिक माणसांनी त्यासाठी प्राण दिले. पण आपले खासगी दुःख हजारोंचे आहे, ही जाणीव जमावाची चळवळ करते, आणि ती शोकगीत देते.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले, बेळगाव, कारवार, निपाणी आजच्या कर्नाटकात राहिले. त्या छक्कडीतली ताटातूट अर्धीच मिटली.