गाडी थांबते तिथून पुढे जुना हायवे

आजचा भाग गाडी चालवताना ऐकत असाल तर उत्तमच, कारण आपण सातवाहनांच्या हायवेवर निघालोय. सोपारा, कल्याण, नाणेघाट, जुन्नर आणि शेवटी राजधानी पैठण. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रावरचा माल या वाटेनं देशावर चढायचा.

सुरुवात नालासोपाऱ्याला. लोकलच्या गर्दीत पटणार नाही, पण इथं अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडलेत. इथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली खणून काढला. तिथून कल्याण, मुरबाड करत वैशाखऱ्याला या. आता मात्र गाडी बाजूला लावा. डांबरी रस्ता वळसा घेऊन माळशेजनं वर जातो, जुना हायवे सरळ सह्याद्रीच्या भिंतीवर चढतो. तो पायीच चढायचा, दोन-तीन तास. वाटेत कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. बैल आणि माणसं, दोघांनाही तहान लागतेच की!

वर पोचलं की गुहा. आतल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत नागनिका राणीचा भलामोठा लेख आहे: कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली. त्यातला एक आकडा २४,४०० कार्षापणांचा आहे. गंमत म्हणजे यात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं आहेत. एवढा हिशोब देवळात नाही, राजवाड्यात नाही, भर रस्त्यात का कोरला? मला तरी हे त्या काळचं होर्डिंग वाटतं. येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी वाचणार, राजघराण्याची ऐपत बघणार. शेजारी राजघराण्याचे पुतळे होते. आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा, एवढंच उरलंय.

बाहेरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकायला होता, असं सगळे सांगतात. सांगोवांगीची गोष्ट आहे, पण घाटाच्या नावाला शोभते खरी.

आता खरा ट्विस्ट. हा हायवे दरडीनं नाही, राजकारणानं अडला. ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तकात लिहिलंय की कल्याण आधी खुलं बंदर होतं. नंतर तिथं आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेली जाऊ लागली. भरूच कुणाकडे? बऱ्याच अभ्यासकांच्या मते क्षत्रप नहपानाकडे, म्हणजे सातवाहनांच्या शत्रूकडे. बंदर बंद केलं की घाट आपोआप ओस! आणि जुन्नरसुद्धा हातचं गेलं होतं: मानमोडी डोंगरातल्या लेण्यांत नहपानाचा अमात्य अयम याच्या दानाचा लेख आहे.

मग गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवलं. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर, थेट नहपानाच्या चेहऱ्यावर, गौतमीपुत्राचा ठसा मारलेला आहे.

नाणेघाट बघून जुन्नरला उतरलात की मानमोडीला नक्की जा. पाणी सोबत घ्या, चढ आहे.