सागरापलीकडचा द्राक्षारस

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, जालन्याकडे निघाले की रस्त्यावर आणि रेल्वेमार्गावर करमाड हे गाव लागते. समुद्र येथून शेकडो मैल दूर. तरीही परदेशी नोकरीस गेलेला मुलगा किंवा पवित्र भूमीची यात्रा करून परतलेले आजीआजोबा यांच्या बॅगेतून द्राक्षारसाची एखादी बाटली आज अशा गावातल्या घरापर्यंतही पोहोचू शकते. ही नव्या जमान्याची नवलाई आहे, असे पुष्कळांना वाटते. परंतु इतिहास चाळून पाहता असे दिसते की, सागरापलीकडचा द्राक्षारस या मुलखाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. तो कोणासाठी आला आणि किती आला, हे दोन प्रश्नही त्याच्याबरोबर चालत आले आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचा ग्रंथ लिहिला. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी देताना तो द्राक्षारसाचा आवर्जून उल्लेख करतो. इटलीच्या द्राक्षारसाला पहिली पसंती असे. सिरिया व अरबस्तान येथलाही येत असे. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या बाजारपेठांची नावे आहेत. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, असे तो सांगतो. प्रवरेकाठच्या नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा रोमन बनावटीच्या दोन कानांच्या उंच कुंभांचे तुकडे मिळाले. अशा कुंभांतूनच द्राक्षारस जहाजांवर चढवीत. म्हणजे प्रभू येशूचे पहिले शिष्य सुवार्ता सांगत फिरत होते, त्या शतकांत त्या जगातला द्राक्षारस गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत येऊन पोहोचला होता! मात्र तो होता श्रीमंतांच्या चैनीसाठी.

ख्रिस्तसभेला द्राक्षारस हवा होता तो वेगळ्या कारणासाठी. पवित्र मिस्सासाठी तो द्राक्षांचाच असावा, नैसर्गिक असावा आणि बिघडलेला नसावा, हा दंडक फार जुना असून १९८३ च्या धर्मसंहितेतही तो कायम आहे. येथे कोणी विचारील, आपल्या भागात द्राक्षे नव्हती काय? होती तर! चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हा त्याने तेथील द्राक्षांची आणि डाळिंबांची वाखाणणी केली व त्यांना वर्षातून दोनदा बहर येतो असे नमूद केले. पण फळ असणे वेगळे आणि त्यापासून द्राक्षारस करून तो टिकविणे वेगळे.

केरळातील संत थॉमसच्या ख्रिस्ती लोकांपुढेही हीच अडचण होती. तेथील धर्मगुरू मनुका पाण्यात भिजवून त्यांचा रस काढीत. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी उदयंपेरूर येथे भरविलेल्या धर्मपरिषदेने या प्रश्नात लक्ष घातले आणि पोर्तुगालच्या राजाने तेथील ख्रिस्ती जनांसाठी दरवर्षी मस्कॅटेल द्राक्षारसाची पिंपे दानादाखल धाडावीत, अशी विनंती केली. वाचकांनी ध्यानात घ्यावे की ‘पिंप’ हा आपला घरगुती शब्दच मुळी पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलेला आहे. पाणी भरण्याच्या आपल्या पिंपाच्या नावात त्या जहाजांची आठवण दडली आहे.

तो सागरी प्रवास मोठा जिकिरीचा असे. आफ्रिकेला वळसा घालून येताना विषुववृत्ताच्या उष्म्याने साधा द्राक्षारस आंबून जाई. मदेरा बेटाचा द्राक्षारस मात्र त्या उन्हाने आणि हेलकाव्यांनी अधिकच रुचकर होई, म्हणून व्यापारी तो मुद्दाम जहाजातून फिरवून आणू लागले. तो टिकावा म्हणून त्यात मद्यार्क मिसळण्याची रीत पडली. मिस्साच्या द्राक्षारसात द्राक्षांपासूनच काढलेला अर्क मर्यादेत मिसळण्यास रोमनेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनुमती दिली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि वाट पुष्कळच तुटली.

सागर ओलांडला तरी राजाज्ञा ओलांडायची राहतेच. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा गृहस्थ शहजादा शाह आलमच्या पदरी वैद्य होता व त्याच्याबरोबर औरंगाबादेसही राहिला होता. औरंगजेबाने दारूबंदी पुकारली तेव्हाची हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. वैद्य व शल्यवैद्य वगळून इतर ख्रिस्ती लोकांना शहराबाहेर कोसभर अंतरावर राहण्याचा हुकूम झाला. तेथे त्यांनी स्वतःपुरते मद्य करावे, पण विकू नये, अशी अट होती. साऱ्या हिंदुस्थानात न पिणारे दोघेच, आपण आणि आपला मुख्य काझी, असे बादशहा म्हणे. मनुची मिस्कीलपणे सांगतो की त्या काझीला रोज एक बाटली तो स्वतःच गुपचूप पाठवीत असे! हुकमाने बाटली दडते. मन पालटतेच असे नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. १९५६ मध्ये मराठवाडा त्या राज्यात आला आणि १९५९ मध्ये हा कायदा नव्या प्रदेशांनाही लागू करण्यात आला. परंतु धार्मिक संस्कारासाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला या कायद्यात अधिकृत वाट ठेवलेली आहे. अमेरिकेतही १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात अशीच सवलत होती. या सवलतीचे मोल आम्हांस मोठे वाटते. बहुसंख्य समाजाने आपल्यावर विश्वास टाकला की, वेदीसाठी मागितलेले वेदीवरच जाईल. हा विश्वास जपणे हे केवळ धर्मगुरूंचे काम नव्हे, तर प्रत्येक कुटुंबाचे आहे.

आता आजच्या बाटलीकडे वळू. २००६ सालापासून बहुतेक विमानतळांवर शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला द्रव हातातल्या पिशवीतून सुरक्षा तपासणीपलीकडे नेता येत नाही. म्हणून बाटली मोठ्या बॅगेतच ठेवावी लागते. ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवणे शहाणपणाचे. सीमाशुल्काच्या नियमांनुसार प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य जकातीविना आणता येते. त्याहून अधिक असेल तर ते आपण होऊन सांगावे व शुल्क भरावे. काना गावाहून आठवण म्हणून आणलेली बाटलीही याला अपवाद नाही. आणखी एक गोष्ट. ती पवित्र भूमीची म्हणून आपोआप मिस्साची होत नाही. तिच्यात काय मिसळले आहे हे पाहून निर्णय धर्मगुरूंनीच घ्यावयाचा असतो.

प्रमाणाचा विचार करताना व्हिएतनामचे बिशप फ्रान्सिस झेवियर न्युएन वान थुआन आठवतात. १९७५ मध्ये त्यांना अटक झाली व पुढची तेरा वर्षे त्यांनी बंदिवासात काढली. पोटदुखीचे औषध म्हणून त्यांनी निरोप धाडून थोडा द्राक्षारस मागविला. तळहातावर तीन थेंब द्राक्षारस आणि एक थेंब पाणी घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. एवढी जहाजे, एवढी पिंपे, एवढे कायदे. आणि वेदीला लागतात ते तीन थेंब!

काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला तो यजमानाची लाज राखण्यासाठी. आपल्या कित्येक घरांत मात्र दारूनेच घराची लाज वेशीवर टांगली आहे. पगाराच्या दिवशी वाट पाहणाऱ्या मातेला हे निराळे सांगावयास नको. तेव्हा परदेशाहून आलेली बाटली नाताळच्या मेजावर जरूर ठेवावी, चार आप्तांनी मिळून तिचा आस्वाद घ्यावा. पण ज्या घरी व्यसनाशी झुंजणारा एखादा भाऊ बसला असेल, तेथे ती उघडू नये. त्याच्यासाठी त्या दिवशी साऱ्यांनी पाणी प्यावे. काना गावची सुरुवातही पाण्यानेच झाली होती.