हिवाळ्यात नागपूरला

संविधानात नागपूरचं नाव नाही. अनुच्छेद १७४ एवढंच सांगतो की राज्यपाल त्यांना योग्य वाटेल त्या वेळी आणि त्या ठिकाणी विधिमंडळाची बैठक बोलावतील, आणि एका अधिवेशनाची अखेरची बैठक व पुढच्या अधिवेशनाची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचं अंतर पडू देणार नाहीत. अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी ही नावंही तिथं सापडत नाहीत. मूळ मजकुरात वर्षातून निदान दोन बैठकांची अट होती. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत तीही गेली आणि सहा महिन्यांची मर्यादा तेवढी उरली. मनात आणलं तर कुठल्याही सरकारचं मार्च आणि सप्टेंबर एवढ्यावर भागेल. तरी डिसेंबर आला की मंत्रालयातून फायलींच्या पेट्या भरलेले ट्रक निघतात, विधिमंडळ सचिवालय बाडबिस्तरा आवरतं, आणि अख्खं सरकार आठशे किलोमीटर पूर्वेला जाऊन बसतं. कायद्यात नसलेली ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की ती चुकली तर बातमी होते.

हे बिऱ्हाड हलवणं आपल्याकडे नवीन नाही. १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने मुंबई इलाख्याला कायदेमंडळ मिळालं आणि त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या दरबार हॉलमध्ये भरली. सभासद सगळे गव्हर्नरने नेमलेले, मूठभर. त्यांत नाना शंकरशेट होते. काम एकच, पुढ्यात आलेल्या विधेयकावर बोलायचं. प्रश्न विचारायची सोय नव्हती आणि अंदाजपत्रकाला हात लावायची तर नव्हतीच. ती थोडीफार १८९२ च्या कायद्याने आली. पण जागेच्या बाबतीत साहेब मोकळा होता. मुंबईचा पाऊस आणि घाम त्याला सोसत नसे, म्हणून इलाख्याचा कारभार पावसाळ्यात पुण्याला यायचा आणि उन्हाळ्यात महाबळेश्वर गाठायचा. गव्हर्नर गणेशखिंडीच्या बंगल्यात, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत. मग कौन्सिलही पुण्यातच. कॅम्पातला ‘कौन्सिल हॉल’ अजून उभा आहे आणि अजून त्याच नावाने ओळखला जातो.

पुण्यातल्या या पावसाळी बैठकांनी एक मोठा वारसा दिला आहे, त्याची आठवण सहसा कुणी काढत नाही. ऑगस्ट १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक पुण्यात चर्चेला आलं. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क काढून घेऊन, असा त्याचा मतलब होता. दुष्काळाने आधीच कंबरडं मोडलेलं होतं. फिरोजशहा मेहतांनी विधेयक लांबणीवर टाकण्याची सूचना केली, ती सरकारी मतांनी फेटाळली गेली, तेव्हा मेहता उठून बाहेर पडले आणि पाठोपाठ गोपाळ कृष्ण गोखल्यांसह आणखी काही सभासद. विधेयक अर्थातच मंजूर झालं. पण आज ज्याला आपण ‘सभात्याग’ म्हणतो, दिवसातून दोनदाही करतो, त्याची सुरुवात त्या पावसाळ्यात आहे. मेहता-गोखल्यांना तेव्हा बाहेर थांबलेल्या कॅमेऱ्यांसमोर बोलायचं नव्हतं, एवढा फरक.

१९३५ च्या कायद्याने मुंबईला दोन सभागृहं मिळाली. १७५ सभासदांच्या नव्या विधानसभेची पहिली बैठक १९ जुलै १९३७ रोजी भरली ती पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्येच, कारण महिना जुलै होता. बाळासाहेब खेर पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत) आणि गणेश वासुदेव मावळणकर अध्यक्ष. साहेब गेल्यावर पुण्याच्या बैठका मागे पडल्या आणि अखेर बंद झाल्या. पुणेकरांनी त्याबद्दल फार तक्रार केल्याचं दिसत नाही, आणि पुणेकर तक्रार करत नाहीत तेव्हा समजावं की त्यांचं काही गेलेलं नाही. पुण्याची बैठक ही हवापालटाची सोय होती. तिच्यामागे कुणाला दिलेला शब्द नव्हता.

नागपूरचं प्रकरण वेगळं आहे. नागपूर कुणाच्या हवापालटाचं गाव कधीच नव्हतं, ते राजधानीचं गाव होतं. तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये वारले, डलहौसीने वारस नाकारला आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झालं. पण राजधानी हलली नाही. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला तो नागपुरातून चालवण्यासाठी. १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला. १९१४ मध्ये प्रांताचं कायदेमंडळ इथं बसू लागलं. पुढे १९३७ मध्ये ११२ जणांची विधानसभा आली, ना. भा. खरे पंतप्रधान झाले. १९५० नंतर प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं तरी राजधानी नागपूरच, आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर २३२ आमदार इथंच बसत. गंमत अशी की या सरकारलाही नागपूरचा उन्हाळा झेपत नसे. ते पचमढीला पळायचं.

म्हणजे विधानभवन, सचिवालय, उच्च न्यायालय, मंत्र्यांचे बंगले, त्यांवर पोट असलेली वकील-कारकुनांची वस्ती असा सगळा सरंजाम तयार असलेलं शहर. त्याला संयुक्त महाराष्ट्रात या म्हणायचं, तर हे सगळं सोडा म्हणायचं. ही अडचण पुढाऱ्यांना दिसत होती. २८ सप्टेंबर १९५३ रोजी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्याच्या काँग्रेस नेत्यांनी नागपुरात एका मसुद्यावर सह्या केल्या, तोच नागपूर करार. भाऊसाहेब हिरे आणि यशवंतराव चव्हाण एका बाजूने, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर विदर्भाकडून. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्या, शिक्षणाच्या जागा, न्यायालयाचं खंडपीठ अशी कलमं होती. आणि त्यांतच हे होतं: सरकार दरवर्षी ठरावीक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन तिथं होईल.

या वाक्यातला पहिला भाग आपण विसरतो. करारात आधी सरकारचं स्थलांतर आहे, मग अधिवेशन. काही काळ तरी राज्य नागपुरातून चालावं, ही मूळ मागणी. किती आठवडे, हे मात्र मसुद्यात लिहिलेलं नाही; ‘ठरावीक काळ’ एवढंच. सहा आठवडे हा आकडा वैदर्भीय भाषणांत वर्षानुवर्षं ऐकू येतो, पण ती अपेक्षा आहे, कलम नव्हे. वकिलांनी भरलेल्या बैठकीत ही जागा मोकळी राहावी, हे मला नजरचुकीने झालेलं वाटत नाही. आकडा घातला असता तर सह्या झाल्या असत्या का, कोण जाणे.

शिवाय हा करार म्हणजे कायदा नव्हता. पक्षाच्या नेत्यांनी एकमेकांना दिलेला शब्द होता. त्यातल्या प्रादेशिक समतोलाच्या काही गोष्टी १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये गेल्या. अधिवेशन मात्र कुठंच गेलं नाही. दरम्यान १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, ती बाजूला ठेवली गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, आणि नागपूर एका रात्रीत जिल्ह्याचं ठिकाण झालं. द्वैभाषिक विधानसभेत ३९६ आमदार होते. १९६० मध्ये गुजरातचे १३२ वेगळे झाल्यावर महाराष्ट्राकडे २६४ राहिले. पुढे ते २७० आणि १९७८ पासून २८८ झाले. परिषदेचे ७८ धरून आज ३६६. मुख्यमंत्री चव्हाणांनी ऑगस्ट १९६० मध्ये विधानसभेत विदर्भाला दिलेल्या आश्वासनांचा पुनरुच्चार केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नव्या राज्याचं पहिलं नागपूर अधिवेशन भरलं. महिना निवडायला फार डोकं लागलं नसावं. मे महिन्यात नागपुरात अधिवेशन घ्यायचं तर कोरमच भरला नसता.

तेव्हापासून सिव्हिल लाइन्सचा एक तुकडा वर्षातले काही दिवस मुंबईचा होतो. मुख्यमंत्री ‘रामगिरी’वर, मंत्री रविभवनात, राज्यमंत्री नागभवनात, आमदार आमदार निवासात, आणि मुंबईहून आलेले कर्मचारी ‘१६० खोल्यांच्या गाळ्यां’त. मुख्यमंत्र्यांचं सचिवालय हैदराबाद हाऊसमध्ये. बंगल्यांना रंग लागतो, रस्त्यांवरचे खड्डे बुजतात, आणि नागपूरकर म्हणतात, अधिवेशन आलं. पूर्वसंध्येला मुख्यमंत्री विरोधकांना चहापानाला बोलावतात, विरोधक बहिष्कार टाकतात. दोन्ही पत्रकार परिषदा ठरल्या वेळी होतात. या चहाची कुळकथा कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवी. मोठ्या राजकीय उलथापालथींनाही हे गाव लाभतं. छगन भुजबळांनी शिवसेना सोडली ती डिसेंबर १९९१ मध्ये, नागपूर अधिवेशन चालू असताना. मुंबईत आमदार संध्याकाळी घरोघर पांगतात; नागपुरात सगळे एका किलोमीटरच्या आत आणि रात्री मोकळे. फोडाफोडीला याहून सोयीची जागा नाही.

पण हे अधिवेशन टिकलं ते सभागृहामुळे, असं मला वाटत नाही. ते टिकलं रस्त्यामुळे. गडचिरोली, यवतमाळ, मेळघाटातल्या माणसाला मुंबई गाठायची म्हणजे एक रात्र रेल्वेत आणि परतीच्या तिकिटाची चिंता. नागपूर एका एसटीच्या टप्प्यात. १९६० नंतर इथं जे उगवलं ते करारात कुणी लिहिलेलं नव्हतं: मोर्चांचा हंगाम. यशवंत स्टेडियमजवळून निघायचं, सीताबर्डीच्या अलीकडेपलीकडे, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला किंवा टेकडी रोडला पोलिसांनी अडवायचं. तिथं लोक रस्त्यावरच बसकण मारतात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे मास्तर, कोतवाल, आशा कार्यकर्त्या, धनगर, हलबा. एका दिवसात आठ-दहा मोर्चे. मग पाच जणांचं शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून विधानभवनात जातं. बाकीचे फाटक्या सतरंजीवर डबे सोडतात, घोषणा देऊन घसा बसतो, कुणीतरी माइकवर गाणं म्हणतं. दोन तासांनी पाच जण परत येतात आणि मंत्रिमहोदय काय म्हणाले ते सांगतात. बहुतेकदा मंत्रिमहोदय ‘सकारात्मक’ असतात. निवेदनावरचा पोचशिक्का मात्र जपून ठेवला जातो. पुढच्या वर्षीच्या निवेदनाला जोडायला तो लागतो. बायाबापड्यांना तारांकित प्रश्न, लक्षवेधी, नियम २९३ यांतलं फारसं ठाऊक नसेल, पण आपला मंत्री टी-पॉइंटपर्यंत चालत आला की नाही, हे गावात वर्षभर सांगितलं जातं.

तो आला नाही तर काय होतं, हे २३ नोव्हेंबर १९९४ ला दिसलं. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. गुरं राखणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या लोकांचा, बायका-पोरांसह आलेला मोठा मोर्चा. झिरो माईलजवळ तो अडवला गेला. निवेदन घ्यायला कुणी येईल म्हणून लोक दिवसभर बसून राहिले. संध्याकाळी रेटारेटी झाली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली. त्यांत बायका आणि मुलंच फार होती. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. सीताबर्डीत स्मारक झालं, उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव मिळालं. मागणी मात्र कोर्टकचेऱ्यांत फिरत राहिली: २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पुलावरून रोज हजारो गाड्या जातात आणि अधिवेशनाच्या काळात त्याच परिसरात नवे मोर्चे अडवले जातात.

अधिवेशन मात्र आखडत गेलं आहे. पहिलं महिनाभर चालल्याचं जुने लोक सांगतात. २०१९ चं आणि २०२४ चं आठवड्यातच आटोपलं. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाचं कारण झालं आणि हिवाळी अधिवेशन मुंबईतच उरकलं गेलं. विदर्भाच्या प्रश्नांवरची चर्चा शेवटच्या दोन दिवसांवर ढकलायची आणि तोवर निम्म्या आमदारांनी विमानाची तिकिटं काढलेली असायची, हा अनुभव सर्वपक्षीय आहे. करारातल्या ‘सरकारने हलावं’ या भागाचं तर नावच नको. सरकार येतं ते पाहुण्यासारखं येतं. २०१८ मध्ये वेगळा प्रयोग झाला, पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतलं. ६ जुलैला पाऊस असा कोसळला की विधानभवनाच्या वीजकेंद्रात पाणी शिरलं, दिवे गेले आणि कामकाज तहकूब करावं लागलं. गटारं उपसली तेव्हा त्यांतून दारूच्या बाटल्या निघाल्या, आणि त्या कुणाच्या यावर वाद झाला.

आपल्या या प्रथेची शेजाऱ्याने मात्र पक्की नक्कल केली आणि हेतू उलटा ठेवला. कर्नाटकाने २००६ मध्ये बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन घेतलं आणि २०१२ मध्ये तिथं सुवर्ण विधानसौध बांधून टाकली. नागपूरला अधिवेशन दिलं ते गेलेल्या राजधानीचं उट्टं काढायला. बेळगावला दिलं ते गाव आमचंच आहे हे ठसवायला. त्यामुळे तिथंही डिसेंबरात रस्ता जागा होतो. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समिती मराठी भाषकांचा महामेळावा पुकारते, प्रशासन परवानगी नाकारतं, कार्यकर्ते धरले जातात, आणि संध्याकाळी सोडले जातात. त्याच आठवड्यात नागपुरात कुणीतरी आमदार उठून सीमाप्रश्नावर निवेदनाची मागणी करतो, आणि अध्यक्ष सांगतात, शासनाने नोंद घ्यावी.