उजेडातले सहा तास

७ जून १९८२, संध्याकाळ. ब्रिटन-अर्जेंटिना युद्ध. फॉकलंड बेटं, सॅन कार्लोस. अंधार पडताच ब्रिटिश जहाज ‘सर गॅलाहॅड’नं निघायचं आणि रात्रीतच माणसं उतरवायची, असा बेत. वेल्श गार्ड्स या पलटणीच्या दोन कंपन्या चढल्या. पण १६ फील्ड अँब्युलन्स या वैद्यकीय पथकाचं सामान चढता चढेना. जखमींना वाचवायला निघालेल्या पथकापायीच जहाज कित्येक तास रखडलं.

८ जून, हल्ल्याला सुमारे सहा तास. फिट्झरॉयजवळ नांगर पडला तेव्हा उजाडलं होतं. शेजारी ‘सर ट्रिस्ट्रम’, त्यातून दारूगोळा उतरतोय. राखणीला एकही युद्धनौका नाही.

सकाळ. मरीन्सचे मेजर साउदबी-टेलर जहाजावर येऊन विनवतात: माणसं आत्ताच्या आत्ता किनाऱ्यावर काढा. गार्ड्सचे अधिकारी म्हणतात, हुकूम ब्लफ कोव्हचा आहे, इथला नाही. शिवाय दारूगोळा भरलेल्या होडीत जवान बसवायचे नाहीत, हा नियम. दोन्ही म्हणणी कागदावर बिनचूक. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच.

दुपार जवळ आलेली. होडी रिकामी झाली, तर आधी फील्ड अँब्युलन्सचं सामान उतरवायचं ठरलं. तेवढ्यात होडीचा रॅम्प बिघडला. आता क्रेनच्या वेगानं काम. डोंगरावरच्या अर्जेंटिनी टेहळ्यांनी जहाजं केव्हाच हेरली होती.

दुपारी एकच्या सुमारास. अर्जेंटिनी डॅगर विमानांनी ‘प्लिमथ’ या युद्धनौकेवर झडप घातली आणि ब्रिटिश सी हॅरियर विमानं तिकडे खेचली गेली. (ही हॅरियर ज्या दोन नौकांवरून उडत, त्यांतली ‘हर्मिस’ पुढे आपल्या नौदलाची ‘विराट’ झाली.) फिट्झरॉयवरचं आकाश मोकळं.

काही मिनिटांनी. पाच अर्जेंटिनी स्कायहॉक विमानं, अगदी पाण्यालगत. बॉम्ब पडले आणि गॅलाहॅडमधलं पेट्रोल, दारूगोळा भडकला. सी किंग हेलिकॉप्टरं धुरात शिरली. पंख्याच्या वाऱ्यानं त्यांनी रबरी तराफे पेटत्या जहाजापासून दूर लोटले. गॅलाहॅडवर ४८ मेले, त्यांत ३२ वेल्श गार्ड्स. फील्ड अँब्युलन्सचे तीन गेले, एक त्यांचा उपप्रमुख. साहित्यही बरंचसं जळालं.

त्याच संध्याकाळी, एजॅक्स बे. मटण गोठवायच्या जुन्या कारखान्यात सर्जन कमांडर रिक जॉली यांचं इस्पितळ. आधीच्या हल्ल्यातले दोन न फुटलेले बॉम्ब अजून तिथेच, वाळूच्या पोत्यांआड. भाजलेले जवान रांगेनं येत राहिले. हातांची कातडी सोललेली. त्यावर फ्लॅमझिनचं पांढरं मलम थापायचं आणि पंजा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, म्हणजे बोटं हलती राहतात. कमी भाजलेल्यांना इतर जहाजांवर हलवलं, जास्त भाजलेले पुढे ‘युगांडा’ या इस्पितळ-जहाजावर गेले. एरवी शाळकरी मुलांच्या सहली नेणारं हे जहाज. आता त्यावर नौदलाच्या नर्सेस. तिथून छोट्या जहाजांनी माँटेव्हिडिओ, मग विमानानं ब्रिटन.

जॉलींच्या खाटांवर अर्जेंटिनी जखमीही होते. पुढे दोन्ही देशांनी त्यांना सन्मान दिले.