मुलांना धोका कोणाकडून? ‘झोळीवाल्या’ची भीती आणि नोंदींतील वास्तव

मऊरानीपूर (झाशी) : झाशीहून महोबा, बांदा, चित्रकूटमार्गे माणिकपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मऊरानीपूर हे तहसिलीचे गाव आहे. याच बुंदेलखंड पट्ट्यात नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने (सीबीआय) उत्तर प्रदेश पाटबंधारे विभागातील एका कनिष्ठ अभियंत्याला अटक केली. चित्रकूट, बांदा आणि हमीरपूर जिल्ह्यांत सुमारे दहा वर्षे ५ ते १६ वयोगटातील जवळपास ५० मुलांचे लैंगिक शोषण केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. मोबाइल व इतर उपकरणांचे आमिष दाखवून मुलांना जवळ केले जात असे, असे तपास यंत्रणेचे म्हणणे होते. आरोपी परप्रांतीय नव्हता, भटकाही नव्हता; पगारदार सरकारी कर्मचारी होता.

लोकांच्या मनातील धोक्याचे चित्र मात्र वेगळेच असते. ‘झोळीवाला घेऊन जाईल’ ही भीती मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या घातली जाते. हिंदी पट्ट्यात त्याच भीतीचे नाव ‘बच्चा चोर’. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी याच संशयावरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून ठार मारले. भिक्षुकीसाठी फिरणारी ही माणसे होती. त्या काळात देशभर पसरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबाबत जागृतीसाठी तयार केली होती. मूल परत आणून सोडल्याचा आणि संदेशाचा भाग कापून ती ‘पुरावा’ म्हणून फिरवली गेली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये उत्तर प्रदेशात अशाच अफवांची लाट आली आणि अफवा पसरवणाऱ्यांवर राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली कारवाईचा इशारा पोलिसांना द्यावा लागला.

नोंदी काय सांगतात? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांनुसार ‘पॉक्सो’खालील बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडित बालकाच्या ओळखीचा असतो. कुटुंबीय, नातलग, शेजारी, कुटुंबाचे स्नेही, ऑनलाइन ओळख झालेले ‘मित्र’ असे हे वर्तुळ आहे.

शोषण केवळ मुलींचेच होते, हा दुसरा समज. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी संवाद साधण्यात आला. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक शोषणाचा अनुभव सांगितला आणि त्यांत मुलगे ५२.९४ टक्के होते. बहुतेकांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. ‘काही झाले असते तर मूल ओरडले असते’ ही पालकांची खात्री येथेच फोल ठरते. आपल्याच माणसाविरुद्ध बोलण्यासाठी मुलाकडे अनेकदा शब्द नसतात, आणि शब्द सापडलेच तरी आपल्यावर विश्वास ठेवला जाईल याची शाश्वती नसते.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक अर्थात पॉक्सो कायद्याने मात्र हे वास्तव ओळखले आहे. १८ वर्षांखालील मुलगा-मुलगी असा भेद तो करीत नाही. नातलग, शिक्षण संस्था वा रुग्णालयातील कर्मचारी, पोलीस अशा विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावरील व्यक्तीने केलेला गुन्हा तो अधिक गंभीर मानतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गंभीर लैंगिक हल्ल्यातील बलात्कारासाठी किमान शिक्षा २० वर्षांची आहे.

‘घरातली गोष्ट घरातच मिटवू’ या वृत्तीलाही कायद्यात थारा नाही. गुन्ह्याची माहिती असूनही ती पोलिसांना न देणे हा कलम २१ नुसार दंडनीय अपराध आहे. बालकाने दिलेली माहिती खोटी ठरली तरी त्याला शिक्षा होत नाही. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना नोंदवायचा असतो. त्याची ओळख उघड करण्यास मनाई आहे. मदतीसाठी १०९८ ही बाल मदतवाहिनी आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे.