धूर गेला कुठे? ओतकामातल्या कार्बनचा हिशेब

फाउंड्रीतला क्यूपोला बंद करून इंडक्शन भट्टी बसवली की चिमणीचा धूर थांबतो. मग कार्बन उत्सर्जनही थांबलं का? उत्तरासाठी जरा मागे जाऊ.

1794 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्सनने क्यूपोलाचं पेटंट घेतलं. उभ्या भट्टीत कोक, लोखंड आणि चुनखडी भरायची, खालून हवा मारायची, की लोखंड वितळतं. ही भट्टी दोनशे वर्षं टिकली. कोकचं वजन तेव्हाही केलं जायचं, पण खर्चाच्या हिशेबासाठी.

भारतात धुराचा प्रश्न गाजला तो ताजमहालामुळे. 30 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या परिसरातल्या 292 उद्योगांना आदेश दिला: कोळसा-कोक सोडून नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर जागा बदला. त्यात आग्र्याच्या फाउंड्रीही होत्या. पण काळजी संगमरवराची होती, म्हणजे सल्फर डायऑक्साइड आणि धूलिकणांची. कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही आणि संगमरवर पिवळाही करत नाही.

तो मोजायची चौकट 2001 मध्ये ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलने दिली. आवारात जळलेलं इंधन म्हणजे स्कोप 1, विकत घेतलेली वीज म्हणजे स्कोप 2.

आता साधा गुणाकार करू. एक किलो कोक जळला की सुमारे 3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. समजा, टनभर लोखंड वितळवायला चांगल्या क्यूपोलाला 120 किलो कोक लागला, तर झाले 360 किलो. ढिसाळ चालवलेल्याला 200 किलो लागला, तर 600. इंडक्शन भट्टीला 600 युनिट वीज लागली असं धरू. आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण 0.7 किलो, म्हणजे 420. गंमत बघा, फक्त स्कोप 1 पाहिला तर इंडक्शन भट्टीचा आकडा जवळपास शून्य! धूर थांबला नाही, औष्णिक वीजकेंद्राकडे गेला.

दुसरी मेख भागाकारात आहे. टनभर वितळलेल्या धातूतून रनर-रायझर आणि रिजेक्शन वजा जाता 600 किलो चांगली कास्टिंग मिळाली, तर 420 किलोचा बोजा त्या 600 किलोंवर पडतो. म्हणजे टनामागे 700.

कोल्हापूरच्या एखाद्या छोट्या फाउंड्रीला उद्या ग्राहकाने कार्बनचा आकडा मागितला, तर ऑर्डर या हिशेबावर ठरू शकते. म्हणून कोणताही आकडा दिसला की दोन गोष्टी विचारा: वीज धरली का? आणि भागलं कशाने, वितळलेल्या धातूने की विकलेल्या मालाने?